सोमपूर महाविहार
सोमपूर महाविहार हा बांगलादेशाच्या वायव्य भागातील नौगाव जिल्ह्यात, पहाडपूर येथे असलेला मध्ययुगीन बौद्ध विहाराचा भग्नावशेष आहे. पाल राजवटीत उभारलेल्या या विटांच्या वास्तूचा समावेश युनेस्कोने १९८५ साली जागतिक वारसा यादीत केला. जमालगंज हे येथून जवळचे रेल्वे स्थानक होय.

नाव व ओळख
विहार ओस पडल्यावर त्यावर माती साचली व झाडी वाढली. सपाट प्रदेशात उठून दिसणारा हा उंचवटा लोकांना टेकडीच वाटे. त्यावरूनच गावाला पहाडपूर हे नाव पडले. मूळ नाव उत्खननात सापडलेल्या मातीच्या मुद्रांमुळे पुन्हा कळले. त्यांवर सोमपूर येथील धर्मपालदेवाच्या महाविहारातील भिक्षुसंघाचा उल्लेख आहे. तिबेटी ग्रंथपरंपरा विहाराच्या स्थापनेचे श्रेय धर्मपालाचा पुत्र देवपाल यास देते. मात्र या मुद्रांच्या आधारे तो धर्मपालाच्या काळातील, म्हणजे इ.स.च्या आठव्या शतकाच्या अखेरीचा किंवा नवव्याच्या आरंभीचा मानला जातो.

इतिहास
अकराव्या शतकातील विख्यात आचार्य अतिश दीपंकर यांचे येथे वास्तव्य होते. नालंदा येथील बाराव्या शतकातील एका शिलालेखानुसार वंगाल सैन्याने लावलेल्या आगीत करुणाश्रीमित्र हे भिक्षू मृत्युमुखी पडले. त्यांच्याच शिष्यपरंपरेतील विपुलश्रीमित्र यांनी पुढे विहाराची दुरुस्ती करून तारादेवीचे मंदिर बांधले. पाल सत्तेच्या ऱ्हासानंतर विहाराचा राजाश्रय संपला.

उत्खनन
१९२३ साली देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन सुरू झाले. पुढे राखालदास बॅनर्जी यांनी मधला उंचवटा खणला. १९२६ नंतरचे बरेचसे काम पंढरपूर येथे जन्मलेले पुरातत्त्वज्ञ काशिनाथ नारायण दीक्षित यांनी केले. त्यांचा सविस्तर अहवाल १९३८ साली प्रसिद्ध झाला.

अवशेषांचे स्वरूप
विहार जवळजवळ चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे २८० मीटर आहे. मुख्य प्रवेशद्वार उत्तरेस आहे. तेथून आत गेल्यावर चारही बाजूंच्या भिंतींलगत खोल्यांची रांग दिसते. उत्तरेस ४५ व इतर तीन बाजूंस प्रत्येकी ४४, अशा एकूण १७७ खोल्या आहेत. त्या मुळात भिक्षूंच्या निवासासाठी होत्या. पण ९२ खोल्यांत नंतर बांधलेले अलंकृत चौथरे आढळतात. उत्तरकाळात त्या खोल्यांचा उपयोग पूजेसाठी होऊ लागला असावा, असे यावरून अनुमान काढले जाते.

अंगणाच्या मध्यभागी क्रूसाच्या आकाराच्या तळखड्यावर टप्प्याटप्प्याने चढत गेलेले मंदिर आहे. त्याचा शिरोभाग नष्ट झाला असूनही ते सुमारे २१ मीटर उंच आहे. भिंतींवरील भाजक्या मातीच्या फलकांत पशुपक्षी, योद्धे, तपस्वी व सामान्य स्त्री-पुरुष आढळतात. तळाशी असलेल्या ६३ पाषाणशिल्पांपैकी बहुतेक मात्र ब्राह्मणी परंपरेतील असून त्यांत कृष्णकथेतील प्रसंगही आहेत. त्यामुळे बौद्ध विहार म्हणजे केवळ बुद्धमूर्ती, ही समजूत येथे टिकत नाही.

संवर्धन
पहाडपूरच्या अवशेषांना आज मुख्य धोका पाणी व क्षार यांचा आहे. सखल भूमीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. ते वाळले की त्यातील क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाजवळ साचतात, आणि विटांचे व फलकांचे पापुद्रे सुटू लागतात. पाण्याचा निचरा व्हावा यासाठी येथे उपाययोजना करण्यात आली. अनेक मूळ फलक काढून घेऊन त्यांच्या जागी प्रतिकृती बसविण्यात आल्या आहेत. म्हणून भिंतीवर दिसणारा प्रत्येक फलक पालकालीनच आहे असे समजू नये. परिसरातील संग्रहालयात येथे सापडलेल्या मूळ वस्तू पाहावयास मिळतात. त्या पाहिल्यावरच या स्थळाचे दर्शन पूर्ण होते. भिंतींवर चढणे व फलकांना हात लावणे अभ्यागतांनी कटाक्षाने टाळावे, कारण क्षारांनी पोखरलेली वीट किंचित स्पर्शानेही झडू शकते.