कोल्हा मारून कोल्हे संपतात का?

'फॉक्स म्हणजे कोल्हा' हे आपण सगळे शाळेत घोकून आलोय. मार्कही मिळाले, पण उत्तर चुकीचं होतं! आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. कोल्हा साधारण ७ ते ११ किलोचा, उसात, ओढ्याकाठी, अगदी मुंबईच्या खारफुटीतही राहणारा. खोकड त्याहून बरीच लहान, २ ते ३ किलोची, शेपटीचं टोक काळं, आणि घर म्हणजे माळरानातलं बीळ. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर ती आजही आहे.

आता प्रश्न असा, की या एवढ्याशा प्राण्यांच्या मागे माणूस हात धुऊन का लागला? कारणं मुख्यतः तीन.

पहिलं कारण, खेळ. इंग्लंडमध्ये घोड्यावर बसून, शिकारी कुत्र्यांचा कळप सोडून खोकड पळवायची हा बड्या लोकांचा षौक. हेच साहेब हिंदुस्थानात आले, इथे तांबडी खोकड सहज मिळेना, म्हणून त्यांनी कोल्ह्यावर भागवलं. उटीच्या माळांवर खास विलायतेहून आणलेली कुत्री कोल्ह्यांमागे धावत असत. खुद्द इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकडून अशी शिकार करण्यावर २००५ पासून कायद्याने बंदी आहे.

दुसरं कारण, अंधश्रद्धा. 'कोल्ह्याचं शिंग' जवळ ठेवलं की पैसा येतो, कोर्टकज्जे जिंकता येतात, अशी समजूत आहे. मित्रांनो, कोल्ह्याला शिंग नसतं! हाडाचा तुकडा किंवा असंच काहीतरी केसाळ कातडीत गुंडाळून विकतात. पण या नसलेल्या शिंगासाठी असलेला कोल्हा जिवानिशी जातो, हे मात्र खरं.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर, कारण त्यात पोटाचा प्रश्न आहे. कोल्हा कोंबड्या पळवतो, शेळीचं करडू उचलतो. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हणही उगाच नाही पडली. काकडी, कलिंगड, ऊस, बोरं, सगळं त्याला चालतं. मग शेतकरी वैतागून फासकी लावतो किंवा विष घालतो. फासकी बहुधा मोटारसायकलच्या क्लच वायरची. आपण वर्कशॉपमध्ये हाताळतो तीच. प्राणी जितका ओढतो तितका फास आवळतो. शिवाय फासाला आणि विषाला निवड करता येत नाही. त्यात गावातलं कुत्रं सापडतं, बिबट्याही सापडतो.

पण मुळात या मारण्याचा उपयोग होतो का? इथे आपलं कंट्रोल सिस्टिम्स कामाला येतं. एखाद्या भागात किती कोल्हे राहणार हे तिथलं खाणं आणि लपायची जागा ठरवते. हा झाला 'सेट पॉइंट'. एक जोडी मारली की हद्द रिकामी होते आणि शेजारची तरुण पिढी तिथे येऊन बसते. उरलेल्यांच्या वाट्याला खाणं जास्त येतं, पिल्लं जास्त जगतात. थोडक्यात, आपण आउटपुटला धक्का देतो आणि फीडबॅक लूप ते पुन्हा जागेवर आणतो!

अमेरिकेने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केलाय. कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंद कायोटी मारण्यासाठी १९३१ मध्ये सरकारने कायदाच केला. बंदुका, सापळे, विष, विमानं, सगळं वापरलं. कायोटी संपला का? पूर्वी तो मुख्यतः पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात होता, आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे.

उलटं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे खोकड नव्हतीच. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी ती नेऊन सोडली. तिने तिथले लहान लहान प्राणी फस्त केले आणि आज तिला आवरायला त्यांना विष टाकावं लागतं. म्हणजे मारणं सरसकट चूक असं नव्हे. पण बाहेरून आणलेला प्राणी वेगळा आणि इथलाच, शेतातले उंदीर खाऊन जगणारा प्राणी वेगळा.

मग शेतकऱ्याने काय करायचं? सेट पॉइंटच बदलायचा. खुराडं रात्री पक्कं बंद करायचं, मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकायची नाही, कळपाला चांगलं राखणीचं कुत्रं ठेवायचं. खर्च थोडा जास्त, पण परिणाम टिकाऊ.

कायदाही माहीत असलेला बरा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीने कोल्हा अनुसूची १ मध्ये आला. त्याची शिकार केल्यास किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि वर दंड. 'गंमत म्हणून मारला' हे उत्तर तिथे चालत नाही.

आणि हे आपल्यालाही लागू आहे बरं का! मेसचं उष्टं उघड्यावर पडलं की आधी उंदीर, मग कुत्री आणि गावाबाहेरच्या कॅम्पसवर कोल्हेही येणारच. ते आल्यावर दगड घेऊन मागे धावण्यापेक्षा कचऱ्याच्या डब्याला झाकण लावणं सोपं. जवळ जाऊन फोटो काढायचा मोह टाळा, कारण कोल्ह्याला रेबीज असू शकतो. चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. 'उद्या सबमिशन आहे, परवा बघू' असं अजिबात करू नका. सबमिशनला एक्स्टेन्शन मिळतं, रेबीजला नाही.

रात्री जर्नल लिहिताना लांबून कोल्हेकुई ऐकू आली, तर समजा की आजूबाजूला अजून थोडं रान शिल्लक आहे. ते राहू द्या!