गोठ्यातील कोळसा

वाशीम हा शेतीवर जगणारा जिल्हा आहे. येथील काळ्या जमिनीत सोयाबीन, तूर आणि कापूस ही पिके घेतली जातात. शेतकऱ्याच्या घराजवळ गाईबैलांचा गोठा असतो. हा गोठा कितीही झाडला, तरी कोंदट दिवसांत त्यातून उग्र वास येतो. नाकाला झोंबणारा आणि डोळे चुरचुरविणारा हा वास येतो कोठून?

जनावरांच्या मूत्रात युरिया नावाचा पदार्थ असतो. शेणातील सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. नाकाला झोंबतो तो हाच. बंदिस्त गोठ्यात तो साचला म्हणजे जनावरांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना त्रास होतो. गोठा झाडणाऱ्या माणसालाही होतो. पण हानी एवढ्यावर थांबत नाही. अमोनियाच्या वजनाच्या दर 17 भागांत 14 भाग नत्र असते, आणि नत्र हे तर पिकांचे अन्न! ज्या युरियाची गोणी शेतकरी पैसे मोजून आणतो, तोच युरिया त्याच्या गोठ्यात रोज फुकट मिळतो आणि वाऱ्यावर उडून जातो. गोठ्याचा दुर्गंध म्हणजे शेताचा निसटून जाणारा कसच होय.

हा कस धरून ठेवण्यास कोळसा उपयोगी पडतो. जिवंत झाडाच्या खोडातील बारीक नळ्यांतून पाणी वर चढत असते. अपुऱ्या हवेत खोड भाजले म्हणजे या नळ्यांच्या भिंती कोळशाच्या रूपाने मागे उरतात. त्यामुळे कोळसा वरून घट्ट दिसला, तरी आतून मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. चांगल्या भाजलेल्या एक ग्रॅम कोळशातील छिद्रांचे पृष्ठभाग उलगडले, तर ते शंभराहून अधिक चौरस मीटर भरू शकतात. या पृष्ठभागांना वायूचे कण चिकटून राहतात. 1854 साली जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने याच गुणाचा उपयोग करून, दूषित हवा गाळणारा कोळशाचा मुखपट्टा तयार केला होता.

असा कोळसा शेतातच तयार करता येतो. पीक निघाल्यावर उरलेल्या तुराट्या व पऱ्हाट्या पुष्कळदा बांधावर पेटवून दिल्या जातात. त्याऐवजी वर रुंद व खाली निमुळता असा खड्डा खणून त्यात त्या थराथराने जाळाव्या. वरच्या थरावर राखेची पांढुरकी झाक दिसू लागली, की पुढचा थर टाकावा. वरची ज्वाला हवा वापरून टाकते. म्हणून खालच्या काटक्यांची राख न होता कोळसा होतो. शेवटी भरपूर पाणी ओतून तो पूर्ण विझवावा. हे काम मोठ्या माणसांनीच करावयाचे असते. शेतीसाठी केलेल्या या कोळशाला बायोचार म्हणतात.

राख आणि कोळसा एकाच काडीपासून होतात. पण त्यांचे गुण भिन्न आहेत. राख ओल टिपते खरी. परंतु ती क्षारयुक्त असल्यामुळे मूत्रातील अमोनिया अधिकच वेगाने बाहेर पडतो. म्हणून कोळशात राख जितकी कमी, तितका तो चांगला.

कोळसा कुटून, धूळ उडू नये इतपत ओलसर करून गोठ्याच्या जमिनीवर पसरावा व त्यावर कुटार अंथरावे. कोळसा सगळाच अमोनिया धरून ठेवील असे मात्र नाही. रोजची झाडलोट, मूत्र वाहून नेणारी नाली आणि खेळती हवा यांची जागा तो घेऊ शकत नाही. तो त्यांचा सोबती आहे. भिजलेला कोळसा कुटारासह शेणखताच्या खड्ड्यात टाकावा. तेथे तो खताबरोबर मुरतो आणि पेरणीपूर्वी शेतात जातो. ज्या शेतात तुरीचे झाड वाढले, त्याच शेतात तिची काडी नत्र घेऊन परत येते. आणि कोळसा सहजी कुजत नसल्यामुळे तो मातीत दीर्घकाळ टिकून राहतो.