कपडे नसले तरी पायात बूट हवेतच; वाळवंटात चालण्यासाठी बूट कसे निवडायचे?

परदेशात काही हौशी मंडळी अंगावर कपडे न घालता डोंगर-वाळवंट तुडवतात. पण पायातले बूट सहसा तीही काढत नाहीत. कारण तिथली जमीनच तशी आहे.

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या सोनोरा वाळवंटात उन्हाळ्यात जमीन ६० अंशांच्या वर तापते. चोया निवडुंगाचे काटे एकदा रुतले की सहज निघत नाहीत. दगडांच्या सावलीत विषारी रॅटलस्नेक साप बसलेला असतो.

बूट कसा हवा?

- तळ जाड आणि खाचांचा, म्हणजे दगडावर घसरत नाही.
- वरचा भाग चामड्याचा. जाळीच्या कापडातून काटा, वाळू आत शिरते.
- घोटा झाकणारा. पोटऱ्या उघड्या असतील तर उंच बूट बरा.
- चालून पाय सुजतात. म्हणून खरेदी संध्याकाळी, मोजे घालूनच करावी. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

आपल्याकडेही माळरानावर दगडाखाली फुरसं असतं, आणि सर्पदंश बहुतेक वेळा पायालाच होतो. त्यामुळे रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना चप्पल नको, गमबूट घाला. हातात बॅटरी ठेवा. बूट घालण्याआधी उलटा करून झटका. आत विंचू असू शकतो.