पोट लहान झाल्यावर

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार देतात, तो यकृतासाठी. चरबीने फुगलेल्या यकृताचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. तो आकसला की सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. वरणाचं पाणी चमचा-चमचा प्यायचं, जेवताना पाणी टाळायचं. पाहुण्यांकडे चौथ्या घासाला हात आखडता कसा घ्यायचा, हे त्यातून गेलेली बाईच नेमकं सांगू शकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचा पुंजका येतो, तेव्हा ‘माझेही गळले होते, परत आले’ हे तिचं वाक्य फार मोलाचं असतं. अशा अनुभवी बायकांच्या आधारगटाला मी उपचाराचाच भाग मानते.

गोळ्यांचं मात्र गटात ठरवू नये. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व बहुतेकांना आयुष्यभर लागतं. किती, ते रक्ततपासणी पाहून डॉक्टरच ठरवतात. आणि उलट्या थांबत नसतील तर थेट रुग्णालय गाठा. सततच्या उलट्यांनी बी-१ कमी पडलं तर मेंदूला इजा होऊ शकते.