थंडींतलें दान आणि पत्त्यांची बैठक

नाशिक जिल्ह्यांत थंडीचा कडाका कोठें पडला, हें विचारण्याची वेळ सहसा येत नाहीं. निफाड तालुक्याचें नांव आधींच ओंठावर येतें. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रांत डिसेंबर २०१८ मध्यें पारा २ अंशांच्याही खालीं उतरला होता. समुद्रापासून दूर, उघड्या व सपाट मुलखाचा हा गुण आहे. पावसाळ्याचे ढग गेले, हवा कोरडी झाली, म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली ऊब थेट आकाशाकडे सोडून देते. ती अडविण्यास वर ढगांचें पांघरूण नसतें. त्यांतच उत्तरेचा वारा सुटला, कीं जमिनीलगतची हवा पहाटेपर्यंत निवतच जाते. म्हणूनच खरा गारठा मध्यरात्रीं नसून सूर्योदयाच्या सुमारास असतो. द्राक्षबागाईतदारांना हें शास्त्र पुस्तकावांचून ठाऊक आहे. मण्यांना तडे जाऊं नयेत म्हणून ते पहाटे बागेंत शेकोट्या पेटवितात, वेलींच्या मुळांशीं पाणी सोडतात आणि स्वतः जागे राहतात.

द्राक्षासाठीं माणूस जागतो. माणसासाठीं कोण जागतें, हा प्रश्न याच तालुक्यांतील लासलगांवीं हिंवाळ्यांत उभा राहतो.

लासलगांवची कीर्ति कांद्यावर उभी आहे. येथील बाजार समिति १९४७ सालीं स्थापन झाली व आशियांतील सर्वांत मोठी कांदा-बाजारपेठ म्हणून ती ओळखली जाते. डिसेंबरांत तेथें खरीपाचा लाल कांदा येतो. उन्हाळ कांद्याप्रमाणें तो चाळींत महिनोन् महिने राहत नाहीं. शेतांतून निघाला, कीं विकावाच लागतो. त्यामुळें थंडी जितकी वाढते तितकी बाजारांत गर्दी वाढते. लिलावांत नंबर लवकर लागावा म्हणून कोणी शेतकरी आदल्या रात्रींच ट्रॅक्टर आणून उभा करतो आणि ट्रॉलींतल्या कांद्यावरच अंग टाकतो. व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर बायका जमिनीवर बसून कांदा निवडतात. हमाल गोण्या भरतात, शिवतात, उचलतात. द्राक्षांच्या कामासाठीं सुरगाणा-पेठकडील आदिवासी टोळ्या तालुक्यांत येतात. ऊसतोडणीचीं कुटुंबें शेतांच्या कडेला कोपी बांधून राहतात. गांवांतल्या पक्क्या घरांत ज्या वेळीं दुसरी गोधडी काढली जाते, त्या वेळीं या सर्वांच्या अंगावर काय असतें, हें फार थोड्यांनीं पाहिलेलें असतें.

अशा पाहण्याला एक तारीख सोयीची ठरते, ती २० डिसेंबर. १९५६ सालीं याच दिवशीं अमरावतीजवळ वलगांव येथें पेढी नदीच्या कांठीं गाडगे महाराजांचें देहावसान झालें. नाशिकलाही त्यांची धर्मशाळा आहे, म्हणून हें नांव या भागाला परकें नाहीं. त्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रींत उघड्याला वस्त्र देण्याचा समावेश आहे, आणि तें सांगणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर चिंध्यांचेंच वस्त्र असे. पण बाबांचा खरा धडा दुसराच होता. ते गांवांत शिरले, कीं आधीं झाडू हातीं घेत, कीर्तन मागाहून. गांवाची घाण कोठें साचते हें झाडणाऱ्याइतकें कोणाला कळतें? दान करणाऱ्यानेंही आधीं पाहावें आणि मग द्यावें, एवढें त्यांतून घेतलें तरी पुष्कळ झालें. चांदवड येथें लासलगांवपासून जवळच अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. त्यांच्या विहिरी, घाट आणि अन्नछत्रें देशभर पसरलीं, तीं सुद्धां वाटसरूला नेमकें कोठें थांबावें लागतें हें हेरूनच.

तेव्हां एकाद्या शिक्षकाच्या, डॉक्टरच्या किंवा अडत्याच्या घरीं आठ-दहा मित्रमैत्रिणींनीं सुटीचा एक दिवस या कामाला द्यावयाचें ठरविलें, तर तो दिवस खरें म्हणजे आदल्या रात्रींच सुरू होतो. रात्रीं नऊनंतर दोघां-तिघांनीं खळीं, बाजाराचें आवार, रेल्वे स्टेशन आणि कोपी यांच्याकडे एक फेरी मारावयाची, माणसें मोजावयाचीं, आणि वहींत लिहावयाचें. दुपारीं बारा वाजतां वाटपास निघालेल्या मंडळींना खळ्यावर माणसें भेटतात, पण त्यांची रात्र भेटत नाहीं. शिवाय भर बाजारांत पांघरुणांचा गठ्ठा सोडला, कीं जो धीट असतो त्याच्या हातीं तीन येतात आणि कडेवर मूल घेऊन मागें उभी असलेली बाई तशीच परत जाते. छायाचित्र मात्र उत्तम निघतें.

दुसरी गोष्ट जुन्या कपड्यांची. 'गरिबांसाठीं द्या' म्हटलें, कीं घरोघरच्या कपाटांतून जें बाहेर पडतें तें पाहिल्यावर दानाविषयींचा अभिमान बराच निवळतो. बटणें नसलेले सदरे, नाडी नसलेले परकर, लग्नांतला जरीचा फ्रॉक, एका बाहीला भोंक पडलेला स्वेटर! यानें देणाऱ्याचें कपाट मोकळें होतें. घेणाऱ्याची थंडी होती तेथेंच राहते. म्हणून सकाळचे दोन तास सुईदोऱ्याला द्यावे लागतात. बटणें लावणें, उसवलेलें शिवणें, मुलांचे कपडे वयाप्रमाणें निराळे बांधणें हें काम कंटाळवाणें आहे, आणि ज्यांना भाषणाची हौस आहे तीं माणसें नेमकीं याच वेळीं चहाला उठतात. जें आपल्या घरच्या मुलाच्या अंगावर घालवणार नाहीं तें गठ्ठ्यांत बांधावयाचें नाहीं, एवढा एक नियम केला म्हणजे निवड सोपी होते.

पांघरुणाचेंही एक शास्त्र आहे आणि तें बहुतेकांस उलटें वाटतें. उघड्यावर निजणाऱ्याची ऊब जितकी वरून जाते, तितकीच किंवा त्याहून अधिक खालून जाते. थंड भुई ती सारखी ओढून घेत असते. वर दोन ब्लँकेटें आणि खालीं नुसती फरशी, यापेक्षां वर एक आणि खालीं एक अशी व्यवस्था केव्हांही बरी. हमाल बारदानाची चौपदरी घडी अंगाखालीं घेतात, तें उगीच नव्हे. लोंकरीची घोंगडी टोंचते खरी, पण दंवानें ओलसर झाली तरी ऊब सोडत नाहीं. सुती चादर भिजली, कीं गारठ्याची सोबतीण होते. मेंढीच्या लोंकरीचें, चिंचोक्याची खळ दिलेलें जाड घोंगडें पिढ्यान् पिढ्या धनगराच्या खांद्यावर राहिलें, याचें कारण त्याच्या रुबाबांत नसून याच गुणांत आहे. यास्तव स्वयंसेवकाचा पहिला प्रश्न 'तुम्हांला काय हवें?' असा मोघम नसावा. 'मावशी, रात्रीं अंथरायला काय आहे?' असें विचारलें, कीं उत्तर नेमकें मिळतें. कोणी म्हणते, पांघरूण आहे, ताडपत्री नाहीं. कोणी म्हणते, मोठ्यांचें निभतें, पोरांच्या कानांना टोप्या द्या. कोणी कांहींच मागत नाहीं. न मागणाऱ्याशीं फार आग्रह करूं नये. घेणें सुद्धां माणसाच्या मर्जीचें असावें.

संध्याकाळीं, कामावरून माणसें आपापल्या जागीं परतल्यावर, वहींतल्या आंकड्यांप्रमाणें ज्याचें त्याच्या हातीं पोंचवावयाचें. नीट तयारी असली तर हें काम तासाभरांत उरकतें. पहाणें, मोजणें आणि शिवणें यांत जो वेळ गेला, तोच खरा खर्च.

यापुढें येते ती अडचण मनाची आहे. त्याच रात्रीं त्याच मंडळींनीं एका घरीं जमावयाचें, बाजरीची भाकरी, वांग्याचें भरीत आणि पातीचा झुणका यांवर ताव मारावयाचा आणि सतरंजीवर पत्ते मांडावयाचे असा बेत असतो. कोणी तरी हटकून म्हणतें, कीं एवढें पाहून आल्यावर ही चैन शोभते काय? प्रश्न खोटा नाहीं, आणि तो हसून टाळणाऱ्यापेक्षां विचारणारा अधिक जवळचा. परंतु ज्या मंडळींनीं सेवेच्या दिवसाला सुतकी चेहऱ्याचा दिवस केलें, त्यांच्याकडे पुढच्या वर्षीं दोघेच उरतात, असा सर्वत्र अनुभव आहे. माणसें कामासाठीं एकदां येतात. परत येतात तीं माणसांसाठीं. ना. म. जोशी यांनीं १९११ मध्यें मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. तिनें कामगार-वस्तींत रात्रशाळा, वाचनालयें व औषधोपचार यांच्याबरोबर खेळ आणि करमणूक यांचीही सोय केली. गरिबाला भाकरीखेरीज दुसरें कांहीं नको असतें, ही समजूत तिला मान्य नव्हती. आणि लासलगांवच्या रात्रींत डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याला दिसतेंच, कीं खळ्यावरच्या दिव्याखालीं बारदान अंथरून चार हमाल मेंढीकोटच खेळत असतात. पानें तेलकट झालेलीं, एकाद्या सत्तीच्या जागीं काडेपेटीचा पुठ्ठा. पण खेळ तोच.

मेंढीकोट हा चौघांचा, समोरासमोरच्या जोड्यांचा खेळ. बावन्न पानें, प्रत्येकास तेरा. लढाई एक्क्यांसाठीं नसून चार दश्शांसाठीं असते. ज्या जोडीकडे तीन दश्शा गेल्या तिनें डाव जिंकला. चारही गेल्या तर समोरच्यांवर कोट. ज्याच्यापाशीं उतरलेल्या रंगाचें पान नसेल तो दुसरें पान टाकतो, आणि तेथून हुकूम ठरतो. भिडूच्या मनांत काय आहे हें न बोलतां ओळखणें, आपला एक्का त्याच्या दश्शीच्या रक्षणासाठीं खर्च करणें, यांतच या खेळाची गोडी आहे. दिवसभर एका वहीवर काम केलेल्या दोघांची जोडी रात्रीं विलक्षण जुळते, आणि सुईदोऱ्याच्या वेळीं चहाला उठलेला गृहस्थ नेमकी भिडूची दश्शी कापतो, असें म्हणतात. म्हणणाऱ्यांत अर्थातच हरलेली बाजू अधिक.

तिघेच उरले तर पांच-तीन-दोन. सत्त्यांपैकीं दोनच ठेवून आणि त्यांखालचीं सर्व पानें काढून तीस पानें घ्यावयाचीं. पांच हातांची जबाबदारी ज्याच्यावर, तो पहिल्या पांच पानांवरच हुकूम बोलतो. या खेळांत एक मोठी गंमत आहे. ज्याचे हात ठरल्यापेक्षां अधिक झाले, तो पुढच्या डावांत कमी पडलेल्याच्या हातांतून पानें ओढतो आणि बदल्यांत आपलें नको असलेलें पान परत करतो. म्हणजे सबळानें दुर्बळाकडून ओढावें आणि वर त्याला आपली दुर्री-तिर्री द्यावी! येथें दुर्री-तिर्री नसतात, सत्ती-अठ्ठी असतात, इतकाच फरक. सकाळच्या गठ्ठ्यांतला भोंक पडलेला स्वेटर याच वेळीं कोणाला तरी आठवतो, आणि डाव क्षणभर थांबतो.

महाराष्ट्राला पत्ते इंग्रजांनींच दिले असें नव्हे. सावंतवाडीच्या लाखकामाच्या गोल गंजिफा प्रसिद्ध आहेत. दशावतारी संचांत प्रत्येक अवताराचीं बारा, अशीं एकशें वीस पानें असतात. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें प्रथम उतरावयाचें. रात्रीं मांडला तर कृष्णाचा.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. पत्त्यांच्या बैठकींत एक डबा ठेवावा, हरणाऱ्यानें त्यांत पैसे टाकावे, आणि त्यांतून पुढच्या खेपेचीं घोंगडीं घ्यावीं, अशी सूचना दर वर्षीं कोणी तरी करतें. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानें केवळ कौशल्याच्या खेळांना वगळलें आहे, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं म्हटलें आहे. तरी त्या कायद्याचा कीस काढण्याची वेळच येऊं देऊं नये हें उत्तम. डबा ठेवावा, पण त्यांत जिंकणाऱ्यानें आणि हरणाऱ्यानें सारखीच वर्गणी टाकावी. हरल्यावर पडणारा पैसा कुरकुरत पडतो. शिवाय एकाची हार हें दुसऱ्याच्या पांघरुणाचें भांडवल झालें, तर उद्यां चांगला खेळणारा माणूस दानाला कमी पडला असें ठरेल, आणि हा हिशेब कोणालाच पटण्यासारखा नाहीं.

डाव पिसतां पिसतां दिवसाची खरी तपासणी होते. सभेंत जें कोणी कबूल करीत नाहीं, तें पानें वांटतांना सहज बोललें जातें. स्टेशनकडची मोजणी चुकली. कोपींतल्या दोन म्हाताऱ्यांची नांवें राहिलीं. टोप्या फार मोठ्या निघाल्या. ट्रॉलीवर निजलेल्या शेतकऱ्यांना मजूर समजून कोणी घोंगडें देऊं केलें, तेव्हां त्यांना राग आला. त्यांना घोंगडें नको होतें. पहाटे चारला एक कप गरम चहा मिळाला असता, तर त्यांनीं पैसे देऊन घेतला असता. हें सर्व यजमानीण वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.

साडेदहाला मंडळी उठतात. पानें गोळा करून मोजलीं जातात, कारण खालीं सतरंजीच्या घडींत एकादें राहतेंच. बाहेर दंव पडूं लागलेलें असतें. वहीच्या त्या पानावर तीन ओळी असतात: ताडपत्री, लहान टोप्या, खळ्यावर पत्त्यांचा नवा जोड.