परवान्याची किंमत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सास येथें घरें थंड वा उबदार ठेवणारीं यंत्रें बसविण्याचा ठेका घ्यावयाचा असेल, तर सरकारी परवाना लागतो. अर्जदाराचें वय किमान १८ वर्षें असावें. त्यानें मागील ७२ महिन्यांपैकीं ४८ महिने परवानाधारकाच्या देखरेखीखालीं काम केलेलें असावें, हा सामान्य नियम; शिवाय परीक्षेंतहि उत्तीर्ण व्हावें लागतें. 'ब' वर्गाच्या परवान्यावर २५ टनांपर्यंतचींच शीतयंत्रें बसवितां येतात. 'अ' वर्गास ही मर्यादा नाहीं. येथें टन म्हणजे वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत बाहेर काढण्याची शक्ति म्हणजे एक टन होय.

इतकी कडक अट कशास, असें आमचे विद्यार्थी विचारतील. वायूवर चालणाऱ्या भट्टीची धूर जाण्याची नळी चुकीची बसली, तर कार्बन मोनॉक्साइड घरांत पसरून निजलेल्या कुटुंबाचा प्राण घेऊं शकतो. त्यास वास नाहीं, रंगहि नाहीं. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्यास! म्हणूनच केवळ पुस्तकी ज्ञान पुरत नाहीं, आणि केवळ हस्तकौशल्यहि पुरत नाहीं. मुलांस धंदेशिक्षणास पाठविणाऱ्या पालकांस आमची विनंति इतकीच कीं, उमेदवारीचीं वर्षें वायां गेलीं असें त्यांनीं मानूं नये.