औशाच्या मुलांना शाळा कशासाठीं हवी?

"शिकून पुढें काय करणार?" असें औशाच्या एखाद्या मुलास विचारलें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें : "लातूरला जाणार." लातूर औशापासून अवघें वीस किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु ह्या उत्तरांत अंतराचा विचार नसतो. शिक्षण म्हणजे गांव सोडण्याचें साधन, ही समजूत त्यांत असते. आम्ही त्याच भागांत वाढलों असल्यामुळें ती आमचीहि होती, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. ती कशी रुजली आणि तींत अपुरें काय आहे, ह्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

औसा व त्याच्या भोंवतालचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. घरची भाषा मराठी आणि राज्यकारभाराची उर्दू, अशी तेव्हां स्थिति होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतहि शिक्षणाचें माध्यम उर्दूच होतें. वरचें शिक्षण घ्यावयाचें म्हणजे मराठी मुलानें आपली भाषा घरीं ठेवून हैदराबादची वाट धरावयाची! ह्याला एक उत्तर म्हणून १९२१ सालीं जवळच्याच हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ हे तिचे मुख्याध्यापक झाले. १९३८ सालीं उस्मानिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट सोडला नाहीं, म्हणून त्यांना काढून टाकण्यांत आलें. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. शाळा ही केवळ नोकरीची पायरी नव्हे, असें त्या पिढीला वाटत होतें, आणि तिनें त्याची किंमतहि मोजली.

त्यानंतर विद्येचें दार हळूहळू आमच्या जवळ येत गेलें. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें. १९८२ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा निराळा झाला व औसा त्यांत आलें. १९९४ सालीं नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ मिळालें. ह्याच काळांत लातूरच्या महाविद्यालयांनीं जादा तास, वारंवार चांचण्या आणि सततचा सराव ह्यांवर भर देणारी एक पद्धति बसविली. तिला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणतात. तिच्या जोरावर खेड्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें डॉक्टर व इंजिनियर झालीं, ही गोष्ट लहान नव्हे. कोरडवाहू जमिनीवर सोयाबीन व तूर पिकविणारा बाप मुलाच्या खोलीचें भाडें आणि खानावळीचे पैसे कसे भरतो, हें ज्यानें पाहिलें आहे, तो ह्या पद्धतीस कधींच हंसणार नाहीं.

मुलांचें म्हणणेंहि ऐकण्यासारखें आहे. एक म्हणतो, "शेतींत पाऊस आपल्या हातीं नाहीं, भाव आपल्या हातीं नाहीं, परीक्षेचा अभ्यास तरी आपल्या हातीं आहे." दुसरा म्हणतो, "शेती करणाऱ्यास मुलगी द्यावयास कोणी तयार नाहीं." मुलींचें गाऱ्हाणें आणखी निराळें. बारावीपर्यंत एस. टी. चा मोफत पास मिळतो, हें खरें. पण संध्याकाळची गाडी चुकली तर घरांतून पहिला प्रश्न येतो तो शाळा बंद करण्याचा. हीं सारीं कारणें खरीं आहेत. तेव्हां गांव सोडूं इच्छिणाऱ्या मुलास दोष देणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, जी शाळा केवळ बाहेर जाण्याची वाट दाखविते, ती अर्धेंच शिकविते. ह्याचा दाखला आमच्याच तालुक्यांत आहे. दख्खनचें पठार पुरातन व स्थिर असून तेथें मोठ्या भूकंपाचें भय नाहीं, असा समज पूर्वीं जाणत्या लोकांतहि रूढ होता. १९९२ सालीं औसा तालुक्यांतील किल्लारीस लहान धक्के जाणवले. पुढच्याच वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास, गणपति विसर्जनाची मिरवणूक आटोपून लोक गाढ झोंपेंत असतां तेथें मोठा भूकंप झाला, आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं.

एवढी हानि कां झाली? भूकंप फार खोल नव्हता, हें एक कारण. पण माणसें मेलीं तीं मुख्यतः घरांखालीं. उन्हापासून निवारा मिळावा म्हणून येथें दगडाच्या जाड भिंती मातींत रचीत व वर लांकडावर मातीचें जड माळवद घालीत. भिंतीचा आंतला थर आणि बाहेरचा थर ह्यांस एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड पुष्कळदां नसत. धक्का बसतांच दोन्ही थर अलग झाले, आणि माळवद निजलेल्या माणसांवर आलें. भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसविले, चारी भिंतींस बांधणारा पट्टा घातला आणि छप्पर हलकें ठेवलें, तर तेंच घर पुष्कळ अधिक तग धरतें. ही विद्या कठीण नाहीं. आठवीच्या मुलासहि ती समजेल, आणि ती त्याच्या घराच्या उपयोगाची आहे.

दुसरा दाखला पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्यें मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. ज्या शहरास आम्ही भविष्य घडवावयास जातों, तेंच तहानेनें व्याकुळ झालें! गांव सोडल्यानें गांवचा प्रश्न सुटत नाहीं. तो आमच्या मागोमाग शहरांत येतो. आपल्या विहिरीला पाणी कोठून येतें, काळ्या जमिनीखालच्या खडकांत तें कितपत मुरतें, उंसाला किती पाणी लागतें व तुरीला किती, हें ज्या मुलानें विहिरीच्या कांठीं दोर सोडून, पाण्याची पातळी वहींत लिहून शिकलें असेल, तो डॉक्टर झाला काय किंवा शेतकरी राहिला काय, गांवाच्या कामाचाच होईल.

वाचकहो, हिप्परग्याच्या शाळेच्या काळीं मुलांना आपल्या भाषेंत शिकावयाचें होतें. आजच्या मुलांना आपल्या मातीविषयीं शिकावयाचें आहे; मात्र तसें मागण्याचें त्यांस अद्याप सुचलेलें नाहीं. परीक्षेचा अभ्यास अवश्य करावा, लातुरास व त्यापुढेंहि अवश्य जावें. परंतु जाण्यापूर्वीं आपल्या घराची भिंत कशी बांधली आहे आणि आपल्या विहिरींत किती हात पाणी आहे, एवढें तरी प्रत्येकानें पाहून जावें. ज्यानें हें पाहिलें आहे, तो परत येवो वा न येवो, त्याचें गांव त्यास परकें होणार नाहीं.